सशाला घास

दार उघडलं तर फरशीभर चघळून टाकलेले गाजराचे तुकडे, कोबीची अर्धवट पानं, तुकड्यांवर मुंग्या, आणि मधोमध आमचा ससा, बटू. हनुवटीपासून छातीपर्यंत ओला, लाळेरं न बांधता जेवायला बसवलेल्या पोरासारखा.

"पुन्हा सांडलं त्याने," खिडकीशी बसलेले अप्पा म्हणाले. "उचलणार होतो. राहिलं."

"असू द्या अप्पा. मी उचलते."

असू द्या म्हणायला काय जातं! पर्स खांद्यावरून उतरायच्या आत मी केरसुणी हातात घेतली. टेबलावर अप्पांचं सकाळचं ताट झाकून ठेवलेलं होतं, तसंच. झाकण उचललं. आमटीवर साय धरली होती आणि भाताच्या कडेला बोटाने केलेला एक खड्डा होता. बस्स. तेवढंच जेवण.

आणि नेमका तेव्हाच रत्नागिरीहून श्रीरंगचा फोन. माझ्या नवऱ्याला रोज ही वेळ कशी सापडायची, देव जाणे.

"अप्पा जेवले का?"

"तुझे वडील आहेत. ये आणि भरव."

"चिडतेस काय? सहज विचारलं."

"मीपण सहजच सांगितलं," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या वर्षी माझी बँकेत बढती झाली आणि बढतीबरोबर संगमनेरला बदली. श्रीरंगची नोकरी फिरतीची, लेक ऋता पुण्याला वसतिगृहात. सासूबाई, म्हणजे माई, जाऊन वर्षही झालं नव्हतं. रत्नागिरीच्या घरात अप्पांना एकटं ठेवलं तर ते चहावरच राहिले असते, म्हणून ते माझ्याबरोबर आले. आणि ऋताने दहावीत असताना हट्टाने आणलेला हा ससा, तोही आला. पाळायची हौस एकाची आणि सांडलेलं उचलायला दुसरा, ही आमच्या घरातली जुनी रीत.

अप्पांना आजार असा काही नव्हता. रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, सगळं ठीक. फक्त जेवायचे नाहीत. ताटावर वेळेवर येऊन बसायचे, भात कालवायचे, कालवलेला भात बघत राहायचे आणि "पुरे" म्हणून उठायचे. सदरा खांद्यांवरून घसरायला लागला होता. संगमनेरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. या वयात किती झेपेल, सांगता येत नाही." बाजूला घेऊन म्हणजे तरी किती बाजूला! अप्पांना ऐकू गेलंच. रिक्षात बसल्यावर ते एवढंच बोलले, "नळी नको हं, चारू." मी त्यांना काय सांगणार? मग जेवा, एवढंच सांगण्यासारखं होतं आणि ते सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

त्यात हा बटू. पूर्वी चांगला खायचा. आता गाजर तोंडात घ्यायचा, एका बाजूने चावल्यासारखं करायचा आणि टाकून द्यायचा. पुढच्या पंजांनी तोंड पुसत बसायचा, त्यामुळे पंजेही चिकट. जवळ घेतला की वास यायचा. घरात दोन जीव, दोन्ही न खाणारे, आणि मी मधे केरसुणी घेऊन उभी.

ऋताने फोनवर रडून गोंधळ घातला म्हणून एके दिवशी मी बटूला वेताच्या टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर गाडेकर म्हणजे गाई-म्हशींचे डॉक्टर. बाहेर ओट्यावर शेतकरी मंडळी बसलेली, माझ्या टोपलीत काय आहे ते वाकून बघणारी. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टर रबरी बूट चढवत होते. कुठल्यातरी वाडीवर एक गाय अडली होती आणि तिचा मालक मोटारसायकल चालू ठेवूनच दारात उभा होता.

डॉक्टरांनी उभ्या उभ्या बटूचा ओठ वर करून पुढचे दात पाहिले, हनुवटीवरून बोट फिरवलं.

"लाळ गळतेय. खातो का?"

"नाही ना. सांडतोच जास्त."

"घास घाला त्याला. सकाळ-संध्याकाळ घास घाला, पोटभर. बाकीचे चोचले बंद. येईल ताळ्यावर. नाहीच फरक पडला तर घेऊन या, आतल्या दाढा बघाव्या लागतील."

"घास घालायचा? रोज?"

"रोज म्हणजे काय, रोजच! दुसरं काय खाणार तो?" म्हणत ते मोटारसायकलवर मागे बसले आणि गेलेसुद्धा.

मी टोपली उचलली. सकाळ-संध्याकाळ सशाला घास भरवा! मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं की दोन्ही जागच्या जागी राहिलं. घरी येऊन टोपली अप्पांच्या पुढ्यात ठेवली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"घास घाला म्हणाले. सकाळ-संध्याकाळ. मला बँक आहे अप्पा, मला हे जमायचं नाही. ऋताला कळवते, तिने काय ते ठरवावं."

अप्पांनी टोपलीतून बटूला बाहेर घेतलं.

"घास घाला म्हणाले? भरवायचा?"

"तसंच म्हणाले. दोनदा विचारलं मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले तर फरशी पुसलेली. अप्पा भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर जुना पंचा, पंचावर बटू. वाटीत दुधात कुस्करलेली पोळी. अप्पा चिमूटभर घ्यायचे, बटूच्या ओठाशी धरायचे आणि माझ्यासमोर, माझ्या या डोळ्यांसमोर, पुढची चिमूट स्वतःच्या तोंडात टाकायचे.

"एक त्याला, एक मला," ते म्हणाले. जरा लाजलेच. "असं केलं की खातो तो. बघून खातो."

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं. मग आणखी पोळ्या लाटल्या.

पुढचे आठवडे काय सांगू! घर बदललं. अप्पा सकाळी विचारायचे, "आज त्याला काय करूया?" त्याला म्हणजे बटूला. मग मऊ भात तूप घालून, कधी नाचणीची आंबील, कधी मुगाचं पातळ वरण. बटूचं निमित्त आणि अप्पांचं पोट. सदरा पुन्हा खांद्यावर बसायला लागला. श्रीरंगने फोनवर विचारलं, जेवले का, तर मी म्हटलं, "दोनदा वाढून घेतलं." त्याने मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मला रविवारी दुपारी झोप लागायला लागली, गाढ. त्या झोपेचं मोल मला ठाऊक.

बटू मात्र उतरत होता. भरवलेल्यातलं निम्मं ओठाच्या कडेने बाहेर यायचं. पंचा ओला, अप्पांची मांडी ओली. पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. मला दिसत होतं, पण अप्पा जेवत होते, आणि कुणी काही म्हणो, त्या दिवसांत मला दुसरं काही बघायची ताकद नव्हती.

बँकेला सणाची सुट्टी होती त्या दुपारी अप्पा आत झोपलेले असताना आमच्या घरमालकीण मंगलताई नवले कोथिंबीर द्यायला आल्या. बाई मनाने मोकळी, आवाजाने त्याहून मोकळी. घरामागे त्यांच्या दोन जर्सी गाई होत्या. बटूला पाहून त्या दारातच थबकल्या.

"अगं बाई, ह्याचं तर चिपाड झालं! ह्याला घास नाही का घालीत?"

"घालतो की. अप्पा रोज घालतात, दोन्ही वेळा."

"कुठंय? घरात एक काडी दिसंना."

"काडी? कसली काडी?"

"घासाची वो!"

त्यांनी कोथिंबीर माझ्या हातात दिली. मग त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही काय घालता ते तरी सांगा."

"दूधपोळी. मऊ भात. घास घास भरवतात अप्पा."

मंगलताईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही पदरात मावेना. त्या तशाच मागल्या दारी गेल्या आणि हातात हिरव्या पाल्याची एक पेंढी घेऊन आल्या.

"हा घास! जनावराचा घास. रोज आमच्या वाफ्यावरून बँकेत जाता, नि घास ठाऊक न्हाई व्हय तुम्हाला?"

मी रोज त्या वाफ्यावरून जात होते आणि त्याला गवत म्हणत होते. आमच्या कोकणात घास म्हणजे तोंडात घालायचा तोच. या मुलखात घास पिकतो, कापतात, पेंढ्या बांधून गाईपुढे टाकतात, हे मला कोण सांगणार? डॉक्टरांना ते सांगावंसंही वाटलं नसेल. गाईला वैरण घाला, तसं सशाला घास घाला, झालं.

"सशाला काय दूधपोळी घालतात का?" मंगलताई सुरूच होत्या. "ह्याला चावाया पायजे. चावंल तवा दात झिजतील. अप्पांनी तर पार..."

"हळू!" मी त्यांचा हातच धरला. "मंगलताई, तुमच्या पाया पडते, अप्पांना यातलं एक अक्षर बोलू नका."

"का वो?"

"त्याला भरवतात म्हणून ते जेवतात. आपल्याच प्रेमाने ससा मरत होता, असं ऐकलं तर पुन्हा ताटावर बसायचे नाहीत."

त्यांचं हसू थांबलं. पेंढी माझ्या हातात देऊन त्या गुपचूप गेल्या.

मी पेंढी बटूसमोर टाकली. तो लगबगीने आला, एक काडी तोंडात घेतली, एकदा जबडा हलवला आणि डोकं मागे घेऊन तसाच बसला. काडी ओठातून लोंबत राहिली. आता घासही त्याला चावता येत नव्हता.

शनिवारी पुन्हा सुट्टी होती. मी एकटीच त्याला घेऊन निघणार होते. डॉक्टरांशी आधी बोलायचं, सगळं समजावून सांगायचं आणि मग अप्पांना काहीतरी थाप मारायची, असा माझा बेत. पण अप्पा सदरा घालून तयार.

"मी येतो. माझ्याशिवाय त्याला धीर नाही."

रिक्षात मी दोनदा तोंड उघडलं.

"अप्पा, एक सांगायचं होतं."

"काय गं?"

"काही नाही. ऊन लागतंय का तुम्हाला?"

दवाखान्यात डॉक्टर गाडेकर त्या दिवशी निवांत होते, हेच वाईट. त्यांनी बटूला टॉवेलात गुंडाळून टेबलावर घेतलं, तोंडात बारीक नळकांडं घालून विजेरीने आत पाहिलं आणि जीभ चुकचुकवली.

"दाढांना काटे आलेत. हे बघा, जिभेत रुतलाय. जखम झालीय आत. काय खायला घालता ह्याला?"

मी म्हणणार होते, डॉक्टर, जरा बाहेर या. पण अप्पा पुढे झाले. छाती काढून म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तसाच, डॉक्टर. सकाळ-संध्याकाळ घास घालतो. मी स्वतः. दुधात चांगला मऊ करून."

"घास? दुधात मऊ करून?"

"पोळीचा. कधी भाताचा."

डॉक्टर आधी खो खो हसले. माणूस वाईट नव्हता, कुणालाही आलं असतं हसू. "अहो बाबा, घास म्हणजे आपला लसूणघास! जनावरं खातात तो! सशाचे दात मरेपर्यंत वाढतात. वाळकं गवत, घास, असलं रगडून खाल्लं की झिजतात. तुम्ही भरवलं मऊमऊ, दाढा झिजल्याच नाहीत, वाढून आत रुतल्या. म्हणून सांडतोय तो."

मी डॉक्टरांकडे डोळे वटारून बघत होते, पण ते बटूकडे बघत होते. अप्पा माझ्याकडे वळले.

"तुला ठाऊक होतं?"

"परवाच कळलं."

 छाती काढलेली होती, ती तेवढी खाली गेली.

डॉक्टरांनी भूल देऊन दाढांचे काटे घासून काढले. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. आतून यंत्राची बारीक घरघर येत होती. टॉवेलात गुंडाळलेला बटू परत हातात आला तेव्हा तो जड वाटत होता आणि निर्जीव.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. या वेळी ते एकेक शब्द सावकाश बोलले. "दोन-चार दिवस तोंड दुखणार, आपणहून खाणार नाही. आणि सशाचं पोट थांबलं की ससा गेला. तेव्हा घासाचा पाला, म्हणजे लसूणघास बरं का, बारीक वाटायचा, पातळ करायचा आणि ही सुई काढलेली सिरिंज. ओठाच्या कडेने थोडं थोडं सोडायचं. त्याने गिळलं की मग पुढचं. घाई करू नका. घाईत श्वासनळीत गेलं तर जाग्यावर ठसकून मरेल."

अप्पांनी सिरिंज घ्यायला हात पुढे केला होता. तो त्यांनी मागे घेतला.

घरी आलो तेव्हा दुपार टळत होती. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी मिक्सरमध्ये पाला वाटला, गाळला, हात हिरवेगार झाले. बटूला टॉवेलात घट्ट गुंडाळून मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकून बसले. एका हाताने त्याला धरायचं आणि दुसऱ्या हाताने सिरिंज, हे एकटीला साधेना. तो मान झटकायचा, हिरवं पाणी माझ्या साडीवर.

"अप्पा, जरा या. मी धरते, तुम्ही सोडा."

"नाही."

"अप्पा, तुमचा हात त्याला ओळखीचा आहे."

"माझा हात नको."

"अहो चूक झाली ती सगळ्यांची झाली. डॉक्टरांची, माझी. एक शब्द, त्याचे दोन अर्थ. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"तू जेवून घे," ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "मला भूक नाही. आजपासून मला वाढू नकोस."

इतका वेळ मी धरून ठेवलं होतं, ते सुटलं. "बरं! छान! ससा मरू दे, तुम्ही उपाशी मरा, मी दोघांची केरसुणी घेऊन बसते! माई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

ते वळले. त्यांचा चेहरा बघून मला माझी जीभ चावावीशी वाटली.

"माईला मीच भरवलं होतं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे अप्पा. तुम्ही खूप केलंत त्यांचं."

"तुला काय ठाऊक आहे? अर्धांगवायूनंतर नळी होती तिला. नर्सने बजावलं होतं, तोंडाने काही द्यायचं नाही, गिळता येत नाही त्यांना. त्या दिवशी तू बँकेत होतीस. मी माझा भात कालवत होतो तिच्या कॉटशी बसून. ती बघत होती. ताटाकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची. किती दिवस तिच्या जिभेला चव नव्हती, चारू. मी एक घास दिला. एवढासा. मऊ करून, आमटीत. डोळे मिटून खाल्लान तिने. इतकं बरं वाटलं तिला. म्हणून दुसरा दिला."

 मांडीवर बटूचा श्वास भराभर चालला होता.

"दुसऱ्याला ठसका लागला. थांबेचना. तुम्ही सगळे आलात, डॉक्टर म्हणाले, छातीत कफ झालाय, न्यूमोनिया. वय झालं म्हणाले. कोणीच विचारलं नाही मला. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी काय बोलणार होते? तुमचं चुकलं नाही, असं म्हणायचं? ते खोटं आहे हे त्यांना कळलं असतं. चुकलं, असं म्हणायचं? माझ्या डोळ्यांपुढे माई आल्या, डोळे मिटून आमटीभात खाणाऱ्या.

"तुमचा घास त्यांना हवा होता," मी म्हटलं. "एवढं मला कळतंय."

"तू घास घाला म्हणालीस, मला वाटलं, डॉक्टरच सांगतोय. या हाताने पुन्हा कुणालातरी भरवायचं. आणि बघ काय केलं मी." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "तिचंही तेच, याचंही तेच. आता कुणाला नाही."

मला चक्कर आल्यासारखं झालं. खरंच आलं होतं, नाटक नव्हतं. भुकेने आणि दमून दमून. टेबलावर सकाळी करून ठेवलेला आमटीभात झाकलेला होता. माझे हात अडकलेले. बटूला सोडलं असतं तर पुन्हा गुंडाळताना अर्धा तास गेला असता.

"अप्पा," मी म्हटलं, "मला भरवा."

"काय?"

"माझे हात मोकळे नाहीत आणि मला भूक लागली आहे. सकाळपासून काही खाल्लं नाही. ताट घ्या आणि मला भरवा."

"वेडी झालीस का? सून आहेस तू माझी."

"असू दे. इथे कोण बघतंय?"

"चारू, नको. मी सांगतोय ना तुला, माझ्या हाताने..."

"ऐकलं मी. सगळं ऐकलं. तरी म्हणते, भरवा."

ते उभेच राहिले. मला वाटलं, आत निघून जातील. मग त्यांनी ताट आणलं. गुडघे धरत माझ्यासमोर फरशीवर बसले. भात कालवताना त्यांची बोटं इतकी थरथरत होती की शितं ताटाबाहेर पडत होती. त्यांनी घास उचलला, माझ्या तोंडापर्यंत आणला आणि तिथेच थांबले.

मी तोंड उघडलं.

लग्नानंतर इतक्या वर्षांत अप्पांसमोर मी डोक्यावरचा पदर कधी सोडला तो सोडला, पण त्यांच्या हाताला माझा हात कधी लागला नव्हता. घास तोंडात आला तेव्हा त्यांची बोटं माझ्या ओठांना लागली. निम्मा भात माझ्या साडीवर आणि बटूच्या टॉवेलवर सांडला. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. डोळ्याचं पातं न लवता. आणि तेव्हा मला भीती वाटली. आमटी कमी पडल्याने घास कोरडा होता, माझा घसा भरून आला होता, नाक बंद झालं होतं. आता मला ठसका लागला तर? एवढासा जरी लागला तर या माणसाचं काय होईल? मी चावत राहिले. लहान मूल चावत नाही इतकं चावलं, श्वास रोखून. मग गिळलं. घास खाली गेला, सरळ.

"गिळलास?" त्यांनी विचारलं.

मी आ करून दाखवलं. पोरं दाखवतात तसं, जीभ वर करून.

अप्पांनी वाकून, अगदी जवळून, माझ्या तोंडात पाहिलं. मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला, हुंदका म्हणावा तर हुंदका. त्यांनी दुसरा घास कालवला. मी तोही खाल्ला. आणि दाखवला. तिसरा खाल्ला. चौथ्याच्या वेळी त्यांचा हात थरथरत नव्हता.

"पाणी देऊ?"

"नको. आता याला द्या."

त्यांनी धोतराला हात पुसला, सिरिंज उचलली, वाटीतून हिरवं पाणी भरून घेतलं. बटूच्या ओठाची कड बोटाने अलगद बाजूला केली.

"नीट धर हं त्याला," मला म्हणाले. आवाज दरडावल्यासारखा. "मान वर नको. सरळ धर."

एक थेंब सोडला. थांबले. बटूचा जबडा हलला, मग गळा हलला. अप्पांनी त्याच्या गळ्याशी कान नेला.

"गेलं," ते म्हणाले. मग दुसरा थेंब. मग थोडं अधिक.

वाटी संपायला फार वेळ लागला. मी तिथेच भिंतीला टेकून पेंगत होते. मधेच डोळे उघडले तेव्हा टॉवेलातल्या बटूला अप्पांनी आपल्या मांडीवर घेतलं होतं, आणि माझं उष्टं ताट पुढ्यात ओढलं होतं. आमच्या घरात सासऱ्याने सुनेच्या उष्ट्याला हात लावल्याचं कुणी ऐकलंही नसेल. अप्पांनी उरलेला भात एका बाजूला केला, आमटी ओतली, कालवला आणि खाल्ला. घास गिळून झाला की क्षणभर थांबायचे, मग पुढचा. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यांना जेवता येईल.